बाकावरचा चौदा नंबर

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना.

चांदोदला नर्मदेच्या काठी पिंड मांडून झाले होते. समोरच्या कडुलिंबावर दोन कावळे होते, पण त्यांचं लक्ष नावेत बसून फरसाण खाणाऱ्या मंडळींकडे होतं. आई हलकेच म्हणाली, "मोहना, बोल. त्यांचं काय राहिलं असेल ते बोल." मी म्हटलं, आईला सांभाळीन. कारेलीबागेतलं घर विकणार नाही. तुमची पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत. स्वतःच्याच आवाजाची मला लाज वाटली, कारण माझा या गोष्टींवर विश्वास नाही. कावळे जागचे हलले नाहीत. मागे दुसरं एक कुटुंब खोळंबलं होतं.

तेव्हा बाबांचे चुलतभाऊ तात्यासाहेब पुढे झाले. ते नागरवाड्यात राहतात, नात्यातल्या सगळ्यांच्या दहाव्याला जातात आणि कावळ्याशी कसं बोलावं याचा त्यांना सराव आहे. गर्दीत कोणीतरी 'टीम' असं पुटपुटलेलं त्यांनी ऐकलं असावं. हात जोडून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "सदानंदा, तुझ्या टीमची काळजी करू नकोस. एकालाही काढणार नाही. सगळे आहेत तिथे राहतील. मोहना बघेल."

कावळा खाली आला.

परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "टीम कसली गं? क्रिकेटची?"

"नाही तात्या, घुमटची."

"हां हां," ते म्हणाले आणि डभोई येईपर्यंत झोपले.

घुमट हा खेळ अजून कोणी खेळत नाही. तो बडोद्यात एकवीसशे नव्वद सालापासून खेळला जाणार आहे. काचेच्या मोठ्या घुमटात जमिनीची ओढ बंद करतात, दोन संघांचे सात-सात खेळाडू आत तरंगत असतात आणि एक पेटता गोळा समोरच्यांच्या खिडकीतून बाहेर टाकायचा असतो. बाबांनी आणि माझ्या धाकट्या भावाने, वरदने, हा खेळ पलंगावर बसून रचला. वरद अकरा वर्षांचा होता आणि मूत्रपिंडाच्या आजाराने त्याची शाळा सुटली होती. बाबा कचेरीतून आले की दोघं नियम करायला बसायचे. दिवाळीनंतर वरद गेला. खेळ राहिला.

पुढे बाबांनी प्लायवुडचा गोल पट करून घेतला, संखेड्याहून लाखेच्या सोंगट्या आणल्या, आणि सोसायटीतल्या दोन मित्रांना ओढलं. रविवारी सकाळी क्लबरूममध्ये, कॅरमच्या शेजारच्या टेबलावर सामने सुरू झाले. बाबांच्या संघाचं नाव 'बडोदे मगर मंडळ'. त्या काळात विश्वामित्री नदीतल्या मगरींना स्वतःचा वॉर्ड आणि नगरसेवक असणार होता, त्यामुळे मंडळ रीतसर नोंदवलेलं होतं. विक्रमसिंहकाकांचा 'फतेगंज फाल्कन'. भास्कररावांचा 'दांडिया बाजार दिग्गज'. भास्करकाका जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते, म्हणून पंचही तेच.

खेळातलं एक वर्ष आपल्या एका वर्षाबरोबर सरकतं. खेळाडूंची वयं वाढतात, गुडघे जातात, कोणी सुरतेच्या संघाला विकला जातो, कोणी निवृत्त होऊन आणंदला कोचिंग क्लास काढतो. बाबांनी खेळाडूंना मुद्दाम जुनी नावं दिली होती. दोनशे वर्षांनी हीच नावं परत येतात की नाही बघा, असं ते म्हणत. आमची गोलरक्षक मथुराबाई, दोन्ही हात यंत्राचे. अहल्या आणि लक्ष्मण पुढच्या फळीत. एकदा बाबा फोनवर "मथुराबाई आता काही तग धरत नाहीत" म्हणाले आणि आई स्वयंपाकघरातून विचारत आली, "कुठल्या? दाभोलकरांच्या?" तिने त्यांना फोन लावायच्या आत बाबांनी तिला अडवलं.

खेळाडू मरतातही. दोन सोंगट्यांची टक्कर झाली की ज्याच्याकडे गोळा आहे त्याने फासा टाकायचा. एक पडला तर खेळाडू जायबंदी. मग पुन्हा टाकायचा, पुन्हा एकच पडला तर खेळाडू संपला. असं फार क्वचित होतं. झालं की सामना थांबतो, चहाचे कप खाली ठेवतात, आणि ज्याचा खेळाडू गेला त्याने उभं राहून त्याच्याबद्दल सांगायचं: नाव, वय, किती सामने, आणि त्याची एखादी गोष्ट. बाबांचं ऐकायला कॅरमवाले हात थांबवून बसत. एका खेळाडूबद्दल ते म्हणाले होते की घुमटातून बाहेर आल्यावर तो जमिनीवर नीट चालायचा नाही, आणि त्याच्या बायकोला तीच चाल आवडायची.

आमच्या संघात चौदा नंबर वरदचा होता. बाबांनी त्याला पहिल्याच वर्षी यादीत घातलं, अकरा वर्षांचा, राखीव. दर वर्षी त्याचं वय एकने वाढत गेलं. क्लबरूमच्या पांढऱ्या फळ्यावर भास्करकाका ते न चुकता बदलत. अठरा झाला तेव्हा तो खेळायला पात्र ठरला, आणि बाबांनी त्याला कधीच उतरवलं नाही. सहाच जण धडधाकट असले तरी ते सहा जणांनीच खेळत. इतक्या वर्षांत चौदा नंबरवर मी एकही विनोद ऐकला नाही, आणि ही माणसं प्रत्येक गोष्टीवर विनोद करतात.

मी पहिल्या रविवारी बाबांच्या खुर्चीत बसले तेव्हा सगळे फार जपून वागले. विक्रमकाकांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी सेव-उसळ आणली. खेळ मला येत होता. लहानपणापासून कानांवर पडलेला होता. मात्र टाकण्याआधी बाबा फासा टेबलावर दोनदा आपटायचे. माझ्या हातानेही तसंच केलं. मी ठरवून केलं नव्हतं. पुढच्या खेपेला हात आवरला, तर भास्करकाका वर बघून वाट पाहत थांबले, जणू टाकायचं अजून बाकी होतं. मग मी आवरणं सोडून दिलं. अहल्या कुठे न्यायची याचा विचार करत असताना उत्तर बाबांच्या आवाजात यायचं, घसा खाकरून, आणि ते बहुतेक बरोबर असायचं.

हंगामाचा शेवटचा सामना राहिला तेव्हा भास्करकाका घरी आले. ते चपला काढून बराच वेळ दारातच उभे होते.

"मोहना, नियमाचं बोलायचं होतं."

"कुठल्या?"

"चौतिसाचा." ते आत येऊन बसले. "चौतीस पूर्ण व्हायच्या आत एकही सामना न खेळलेला खेळाडू यादीतून जातो. पुढच्या महिन्यात चौदा नंबरला चौतीस पूर्ण होतायत. वाढदिवस माझ्या लक्षात आहे. पेढे खाल्लेत मी."

"हा नियम कोणी केला?"

"वरदनेच. सदानंद म्हणाला होता, अरे, चाळीस तरी कर. तर तो म्हणाला, चौतीस म्हणजे आमचे गणिताचे सर, केवढे म्हातारे आहेत." काका हसायला गेले आणि थांबले. "मी नियम विसरू शकतो. पंच म्हातारा झालाय, कोण काय म्हणणार? पण सदानंदने मला कधी विसरू दिला नसता."

"आणि काढायचा म्हणजे?"

"फळ्यावरून पुसायचा. न खेळलेल्याचं काही सांगत नाहीत."

म्हणजे वाटा दोनच होत्या. शेवटच्या सामन्यात वरदला उतरवायचं आणि फाशावर सोपवायचं, किंवा बाकावरच ठेवून महिन्याभरात पुसू द्यायचं. तात्यासाहेबांनी नदीकाठी दिलेला शब्द मला आठवत होता. त्यांना खेळ ठाऊक नव्हता. ठाऊक असलेला कोणीही असा शब्द देणार नाही, कारण या खेळात माणसं बदलण्याखेरीज दुसरं फारसं काही होतच नाही.

शनिवारी दुपारी मी सोंगट्यांचा डबा काढला. लाखेची सोंगटी हाताळून झिजते, पहिल्यांदा अंगठ्याच्या जागी. मथुराबाईंचा लाल रंग तिथे पार गेला होता आणि लाकूड दिसत होतं. चौदा नंबर कधी पटावर आला नव्हता, तेव्हा तो नवाकोरा असायला हवा होता. मी तो खिडकीशी नेऊन पाहिला. त्याची लाख मथुराबाईंपेक्षाही जास्त उडाली होती. चौदातला चार जवळजवळ वाचताच येत नव्हता.

सोंगटी घेऊन मी बाहेर आले. आई तुवेरच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, हा कोण खेळत होतं?"

तिने मान वर केली, सोंगटी पाहिली आणि परत शेंगांकडे बघत म्हणाली, "दुपारी खेळायचे दोघं."

"दोघं कोण?"

"तुझे बाबा आणि तो. मी जरा पडले की डबा उघडल्याचा आवाज यायचा. मग फासा. दोनदा टक टक, मग पडल्याचा." तिने दाणे ताटलीत सरकवले. "आधी वाटायचं, बंद करा म्हणावं. मग सवय झाली. कधी कधी चहाला हाक मारली तरी यायचे नाहीत. तेव्हा मला कळायचं, आज गेला."

"वरद?"

"मग कोण? रविवारी उतरवायची हिंमत नव्हती. इथे रोज उतरवायचे. गेला की संध्याकाळभर बोलायचे नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत डब्याचा आवाज."

"तू कधी काही बोलली नाहीस."

"काय बोलायचं? त्यांचा तो दुसऱ्या दिवशी परत यायचा. माझा एकदाच गेला."

शेंगा संपल्या होत्या. तरी ती सालांमध्ये बोटं फिरवत राहिली. मी तिला चौतिसाचा नियम सांगितला, भास्करकाका काय म्हणाले ते सांगितलं, आणि शेवटी, विश्वास नसूनही, म्हटलं, "तात्यांनी शब्द दिलाय गं."

"तात्यांनी!" आई म्हणाली. "त्यांना ते क्रिकेट वाटलं होतं. चांदोदहून घरी पोचायची घाई होती त्यांना, कुणालाही काहीही कबूल केलं असतं." मग पदराला हात पुसत ती उठली. "न खेळता पुसायचा, ते मला चालणार नाही. इतकी वर्षं बाकावर बसवलाय पोराला, पाठ दुखली असेल. उद्या उतरव. मी येते."

आई आजवर एकदाही क्लबरूममध्ये आली नव्हती. रविवारी ती आली तेव्हा विक्रमकाका खुर्ची घेऊन धावले आणि कॅरमवाल्यांनी आवाज कमी केला. तिने पट नीट पाहून घेतला.

"हे एवढंसं?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं मोठं असेल."

"लताभाभी, आ तो फक्त नकाशो छे," विक्रमकाका म्हणाले. "घुमट तर पाच माळ्यांचा आहे. तुमच्या मिस्टरांनीच बांधलाय, आम्ही भाडूत."

मी सात सोंगट्या मांडल्या. चौदा नंबर सगळ्यात मागे, कडेला ठेवला. भास्करकाकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे गेले आणि वरदच्या नावापुढे सामन्यांच्या रकान्यात पहिल्यांदाच एक आकडा लिहिला. त्यांचं अक्षर शिरस्तेदाराचं आहे, पण तो एक वाकडा आला.

खेळ सुरू झाला. आमची अहल्या चांगली चालली होती आणि लक्ष्मणने एक गोळा बाहेर टाकला. विक्रमकाकांचे फाल्कन पुढे यायचे, वरदच्या जवळ आले की वळसा घालायचे आणि दुसऱ्या बाजूने जायचे. एकदा, दोनदा, पुन्हा. त्याच्याभोवती सगळी घरं मोकळी राहिली. भरल्या पटात त्याच्या शेजारी कोणी नव्हतं. मला ते दिसत होतं आणि मी गप्प होते, कारण मला तेच हवं होतं. सामना असा संपला असता तर त्याच्या नावावर एक सामना लागला असता आणि त्याला कोणी हातही लावला नसता.

"ह्याला कोणी अडवत का नाही?" आईने विचारलं.

विक्रमकाकांनी फासा मुठीत खुळखुळवला.

"विक्रमभाई, तुमचा तो सरळ गेला असता तर लवकर पोचला असता. मला खेळ कळत नाही, पण रस्ता कळतो."

विक्रमकाकांनी कपाळ पुसलं. "भाभी, एवुं छे के..."

"पोरगं खेळायला आलंय. खेळा नीट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पुढच्या डावाला त्यांचा खेळाडू गोळा घेऊन सरळ वरदच्या अंगावर आला. फासा त्यांनी टाकला, चार पडले, त्यांच्या खेळाडूला काही झालं नाही, पण नियमाने गोळा सुटून वरदकडे आला. चौदा नंबर गोळा घेऊन पुढे निघाला. मी त्याला घर घर पुढे सरकवत होते. कॅरमवाल्यांपैकी कोणीतरी शीळ घातली. आईने हसून तोंडाला पदर लावला. "पळतोय बघ," ती म्हणाली. "मी सांगायची तेव्हा बसून राहायचा."

खिडकी जवळ आली होती. फाल्कनची गोलरक्षक पुढे आली आणि टक्कर झाली. गोळा आमच्याकडे, म्हणून फासा माझ्याकडे. दोनदा टक टक. एक पडला.

"जायबंदी," भास्करकाका म्हणाले. "परत टाक, मोहना."

मी परत टाकला. फासा पटाच्या कडेला जाऊन थांबला. एकच ठिपका वर होता.

विक्रमकाका एकदम पुढे वाकले. "अडी गयो! फासा कडेला अडला, सरळ पडलाच नाही. गणाय नही. मोहना बेटा, फरी नाख."

"हो, जरा कललेला वाटतो," भास्करकाका म्हणाले. शिरस्तेदार म्हणून सारी नोकरी झाली त्यांची, आणि खोटं बोलताना त्यांचे कान लाल झाले. "पंचाचा निर्णय, परत टाकायचा."

मी फासा उचलायला हात पुढे केला. मला तो उचलायचा होता. इतकं मला त्या वर्षात दुसरं काही करावंसं वाटलं नव्हतं.

"अडला नव्हता," आई म्हणाली. "मी बघत होते. सरळ पडलाय."

"वहिनी, पण..."

"सरळ पडलाय, भास्करराव. आता परत परत नको."

भास्करकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. विक्रमकाकांनीही ठेवला. मी उभी राहिले. बाबांच्या शोकसभेत मी बोलले नव्हते, घसा बसलाय असं सांगितलं होतं.

"वरद," मी म्हटलं. "चौदा नंबर. वय तेहतीस. सामने, एक."

पुढे एक गोष्ट सांगायची असते. मला त्याच्या अकरा वर्षांच्या कितीतरी गोष्टी माहीत होत्या. तेहतीस वर्षांच्या माणसाबद्दल एकही नव्हती. मी पटाकडे बघत उभी राहिले. बाबांच्या आवाजात काही येईल म्हणून थांबले. काहीच आलं नाही.

"डावखुरा होता," आई बसल्या बसल्याच म्हणाली. "दूध प्यायचा नाही. चहात खारी बुडवून पाडायचा आणि मग चमच्याने शोधत बसायचा, ती सवय मोठेपणीही राहिली. गाडी जोरात चालवायचा, मी ओरडायची. दोन वर्षांपूर्वी दाढी ठेवली होती. मला आवडली नव्हती. काढ म्हटलं की उद्या काढतो म्हणायचा." तिने पदर नीट केला. "काढली नाही शेवटपर्यंत. बस, एवढंच."

मी तिच्याकडे बघत राहिले. बाबांची सोंगटी तरी झिजली होती. आईच्या हातात काहीच नव्हतं.

भास्करकाकांनी चौदा नंबर पटावरून उचलून रुमालात ठेवला. काही वेळाने ते म्हणाले, "डाव पुरा करायला हवा. बदली कोण? डब्यात एक कोरी सोंगटी आहे. मी काय म्हणतो..." त्यांनी आईकडे पाहिलं. "सदानंद असं नाव देऊ या का? अठरा वर्षांचा सदानंद. मंडळाला शोभेल."

क्षणभर मलाही ते हवंसं वाटलं.

"नको," आई म्हणाली. "त्यांना परत नका उतरवू."

"सहा जणांनी खेळू," मी म्हटलं.

डाव विक्रमकाकांचा होता. गोळा आता त्यांच्याकडे होता, आणि वरद पुढे निघाल्यापासून त्याची मागची जागा रिकामी होती. तिथून आमच्या खिडकीपर्यंत सरळ वाट होती. त्यांनी फासा टाकला, पाच पडले. खेळाडूवर बोट ठेवून ते थांबले.

"जा ना, विक्रमकाका," मी म्हटलं. "तिथे कोणी नाही आता."

"हा, खबर छे. माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि तरी कडेने वळसा घेतला. खिडकीपाशी पोचायला त्यांना एक घर कमी पडलं.